टनाच्या गावात ग्रॅमवाला

जालन्यात माणसांच्या दोनच जाती आहेत : टनवाले आणि ग्रॅमवाले. टनवाले लोखंडात, ग्रॅमवाले बियाण्यात. 'जालना सोने का पालना' ही म्हण ज्यानं काढली त्यानं सोनं नेमकं कशात आहे ते सांगितलं नाही. त्यामुळे निम्मं गाव सळया ओढतं आणि निम्मं गाव थैल्या भरतं.

आमच्या घरात दोन्ही जाती नांदतात. नाना, म्हणजे माझे सख्खे चुलते, एमआयडीसीच्या रस्त्यावर ट्रकचा वजनकाटा चालवतात. मी बियाण्याच्या दुकानात हिशेब लिहितो. त्यांच्या काट्यावर दिवसभर गाड्या चढतात-उतरतात आणि सगळी बोलणी टनात होतात. माझ्या हातून कपाशीची पावणेपाचशे ग्रॅमची थैली जाते आणि तेवढ्यात एकरभर रानाची सोय होते. नानांचं स्वतःचं वजन एकशे बारा किलो. माझं चोपन्न, तेही पावसात भिजून आलो तर.

नानांच्या काट्याचा एक नियम आहे. गाडी वर चढली की ड्रायव्हरनं खाली उतरायचं. त्याचं वजन मालात धरलं जाऊ नये म्हणून. पण केबिनमध्ये मागं एखादं काडीपैलवान क्लीनर पोरगं झोपलेलं असलं, तर नाना त्याला उठवत नाहीत. "झोपू दे त्याला. त्याचं काय वजन धरायचं!" काट्याला दहा किलोच्या आतलं तसंही दिसत नाही.

नानांचं कुस्तीबद्दलचं मत याच काट्यावर तयार झालेलं आहे. पैलवान म्हणजे शंभराच्या वर. त्याच्या खालचे ते क्लीनर.

आणि मी? मला लहानपणापासून क्लीनरच आवडतात.

याची सुरुवात नव्वदच्या दशकात झाली. तेव्हा आमच्या गल्लीत केबल आली होती आणि केबलबरोबर डब्ल्यूडब्ल्यूएफची ट्रम्प कार्डं. पत्त्यांसारखी वाटायची, आपल्या हातातल्या पैलवानाची उंची, वजन, छाती, दंड यांतलं एक काहीतरी ओरडायचं. ज्याचा आकडा मोठा त्याला समोरच्याचं कार्ड. गल्लीतला जो पोरगा योकोझुनाचं कार्ड धरून बसायचा, त्याला पाढे येत नसले तरी चालायचं. तो फक्त 'वेट' म्हणायचा. पाचशे पौंडांच्या वरचा माणूस! आम्ही निमूट कार्डं काढून द्यायचो. नाना त्या काळी आमचा डाव बघत उभे राहायचे आणि म्हणायचे, "खेळ असावा तर असा. वजन करा अन् निकाल लावा."

माझ्या वाट्याला हमखास वन-टू-थ्री किड यायचा. किरकोळ अंगाचा, लांब केसांचा. त्याच्या कार्डावरची कुठलीही ओळ वाचली तरी मी हरायचो. वजन म्हटलं की हरलो, छाती म्हटलं की हरलो, दंड म्हटलं की समोरचे हसायचे. तरी ते कार्ड मी कंपासपेटीत वेगळं ठेवायचो, कारण एक गोष्ट कार्डावर छापलेली नव्हती. मे १९९३ मध्ये याच पोरानं रेझर रामोन नावाच्या धिप्पाड गड्याला पाठीवर पाडून तीनपर्यंत मोजायला लावलं होतं. त्या तीन आकड्यांवरूनच त्याचं नाव पडलं. सगळं आधीच ठरलेलं असतं, हे मला पुढं कळलं. पण ज्यांनी कुणी ते ठरवलं, त्यांनाही हलका माणूस जिंकताना लोक उभे राहतात हे ठाऊक होतं. त्यांचा धंदाच तो.

पुढं रे मिस्टेरिओ आला. मुखवटा घातलेला, दोरांवर चिमणीसारखा बसणारा. वजन १७५ पौंड, म्हणजे जेमतेम ७९ किलो. त्याच्या प्रसिद्ध डावाचं नाव 'सिक्स वन नाइन'. तो त्याच्या सॅन डिएगो गावाचा फोनचा कोड आहे. हे कळल्यावर गल्लीतल्या एका उत्साही पोरानं पायरीवरून उडी मारताना '०२४८२' असं ओरडून पाहिलं. पाच आकडे संपायच्या आत तो खाली पोचला होता. या मिस्टेरिओनं २००६ साली जगज्जेतेपदाचा जो पट्टा जिंकला, त्यावर 'हेवीवेट' असं लिहिलेलं होतं. पट्टा कमरेला लावल्यावर मिस्टेरिओ फारसा उरत नव्हता. मी हा प्रसंग नानांना मोठ्या विजयानं सांगितला. ते म्हणाले, "पट्टा धरून एकोणऐंशी भरला असंल."

टीव्हीवरचं सोडा. खरी कुस्ती मातीतली, असं नानांचं म्हणणं, आणि ते मला मान्य आहे. भांडण आहे ते मैदानात किती वाजता जायचं याचं.

आमच्याकडच्या यात्रेतला फड ज्यानं पाहिला आहे त्याला ठाऊक आहे : दुपारी उन्हात रेवड्यांच्या आणि नारळाच्या कुस्त्या सुरू होतात. मग दहा रुपये, पन्नास, शंभर, पाचशे अशी इनामं चढत जातात आणि दिवे लागायच्या वेळी एक नंबरची, मानाची कुस्ती लागते. नाना मानाच्या कुस्तीला पाच मिनिटं बाकी असताना येतात. त्यांना बघून माणसं सरकतात, एकशे बारा किलोंची जागा होते आणि नाना बसतात.

मानाची कुस्ती अशी : दोन डोंगर आखाड्यात उतरतात. माती कपाळाला लावतात, शड्डू ठोकतात, सलामी झडते. मग एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभे राहतात. उभेच राहतात. ही खडाखडी. पाच मिनिटं होतात. हलगीवाला आधी जोरात, मग आशेनं, मग सवयीनं वाजवतो. निवेदक दोघांचे वस्ताद, वस्तादांचे वस्ताद, तालमी आणि खुराक सांगून संपवतो आणि देणगीदारांची नावं दुसऱ्यांदा वाचायला घेतो. दहाव्या मिनिटाला एक डोंगर अर्धं पाऊल मागं सरकतो आणि मैदानातून "अरारारा!" असा आवाज उठतो. विसाव्या मिनिटाला पंच आणि गावकरी आत येऊन कुस्ती बरोबरीत सोडवतात. दोघांनाही फेटे.

"काय झालं नाना यात?" मी विचारतो.

"ताकद अजमावू लागले होते," नाना म्हणतात. "तुला नाही कळायचं ते."

उलट दुपारच्या कुस्त्या पाहा. त्यांत ताकद अजमावायला वेळ नसतो. सलामीचा हात सुटतो न सुटतो तोच एकानं एकेरी पट काढलेला असतो, दुसरा त्याच्या पाठीवरून सवारी घ्यायला बघतो, पहिला खालून निसटतो, आणि हे सगळं तुम्ही शेंगदाण्याची पुडी उलगडेपर्यंत झालेलं असतं. हलक्या पैलवानाची कुस्ती बघताना शेंगदाणे खाता येत नाहीत, हा तिचा एकमेव दोष.

अंबड तालुक्यातल्या एका यात्रेत मी एक पोरगं पाहिलं. असेल अकरा-बारा वर्षांचं. लंगोट नव्हता. खाकी चड्डी करगोट्यात खोचलेली. पायांतल्या चपला काढून त्यानं आखाड्याच्या कडेला नीट जोडीनं ठेवल्या आणि जोड शोधायला फिरू लागलं. त्याच्या वजनाचं कुणी पुढं येईना. शेवटी त्याच्यापेक्षा हातभर उंच पोराशी हात मिळवला. उंच पोरानं त्याची मान धरून खाली दाबली. लोक म्हणाले, गेलं. तेवढ्यात बारक्यानं त्याचा हात काखेत आवळला, स्वतःभोवती गिरकी घेतली, आणि त्या उंच पोराचे दोन्ही पाय मी आभाळात पाहिले. ढाक! नेहमी घाईत असणारा पंचसुद्धा थांबून बघत राहिला.

हलगी कडाडली. कुणीतरी त्याला खांद्यावर घेतलं, कुणी नारळ दिला, कुणी दहाची नोट करगोट्यात खोचली. सगळं मैदान त्याच्याकडं बघत होतं आणि ते पोरगं खांद्यावरून वाकवाकून खाली बघत ओरडत होतं, "माझी चप्पल! ए, माझी चप्पल कुठंय?"

त्या दिवशी माझी आवडत्या पैलवानांची यादी कायमची पक्की झाली. पहिल्या क्रमांकावर हे पोरगं आहे. नाव ठाऊक नाही. चप्पल बहुधा सापडली नसावी.

डिसेंबर २०१८ मध्ये तर महाराष्ट्र केसरीच जालन्यात आली. गाव पाच दिवस हवेत होतं. शेतात काही उरलेलं नव्हतं, दुष्काळ जाहीर झालेला होता, त्यामुळे खेड्यापाड्यांतून माणसं सवडीनं आली. आता ही स्पर्धा म्हटली की लोकांना एकच गोष्ट आठवते : मामासाहेब मोहोळांच्या स्मरणार्थ दिली जाणारी चांदीची गदा. पण त्याच अधिवेशनात ५७, ६१, ६५ अशा वजनगटांच्या कुस्त्याही होतात, मातीवर वेगळ्या आणि गादीवर वेगळ्या. त्यांनाही सुवर्णपदकं असतात. ती पदकं द्यायला आलेल्या पाहुण्यांचे फोटो दुसऱ्या दिवशी छापून येतात.

मी दुकानात ताप आल्याचं कळवून सकाळपासून आझाद मैदानात जाऊन बसलो. गॅलरीत मी, काही वस्ताद, पोरांचे बाप आणि एक आइस्क्रीमवाला. आइस्क्रीमवाला लवकर गेला. वजनगटातल्या पोरांकडं बघून त्यानं व्यवसायाचा अंदाज बांधला असावा.

तिथं पायरीवर एक पैलवान बसला होता. वजन देऊन आलेला. अंगात दोन स्वेटर, त्यावर जर्किन, गाल आत गेलेले, कान भज्यासारखे चुरमडलेले. कान सोडले तर बसमध्ये याला कुणी पैलवान म्हणून जागा दिली नसती. तो केळी खात होता. सहा केळी खाऊन त्यानं सालं एकावर एक रचून ठेवली आणि मला म्हणाला, "काका, हितं मोसंबीचा रस कुठं भेटंल?"

जालन्यात मोसंबी कुठं मिळेल असं विचारणं म्हणजे आळंदीत टाळ कुठं मिळतील असं विचारणं. भौगोलिक मानांकन मिळालेली मोसंबी आमची. मी त्याला गाड्यावर नेलं. त्यानं तीन ग्लास एका दमात घेतले आणि चौथा हळूहळू. रसवाला त्याच्याकडं टक लावून बघत होता. शेवटी न राहवून म्हणाला, "पाहुणे कुठले? दुष्काळी भागातले का?"

"नाही," पोरगं ग्लास खाली ठेवत म्हणालं, "सत्तावन्न किलोतला."

हा एक फरक लोकांच्या ध्यानात येत नाही. थोर पैलवानांच्या गोष्टी खुराकाच्या असतात. अमका रोज इतके लिटर दूध प्यायचा, तमक्याला इतके बदाम, इतकं तूप, इतक्या कोंबड्या. ऐकणाऱ्याचं पोट भरतं. हलक्या पैलवानाचा खुराक म्हणजे त्यानं काय काय खाल्लं नाही त्याची यादी. तो घाम गाळून वजनात बसतो आणि मग उपाशी पोटी समोरच्याला उचलतो. अशा माणसाची आख्यायिका होत नाही, कारण न खाल्लेल्या बदामांचा आकडा सांगता येत नाही.

शेवटच्या दिवशी, रविवारी, नाना आले. बुलढाण्याकडून उतरलेल्या बाला रफिक शेखनं आदल्या वर्षीचा महाराष्ट्र केसरी अभिजित कटके याला ११-३ असं हरवलं. शेजारच्या जिल्ह्याचा म्हणून जालनाही आनंदानं वेडा झाला. कुस्ती चांगली झाली, हे मी प्रामाणिकपणे कबूल करतो. नानांनी फेटा उडवला. तो आमच्या मागच्या तीन रांगांनी मिळून परत केला.

"आता बोल," परत येताना ते म्हणाले. "तुझ्या सत्तावन्न किलोवाल्यानं काय दिलं आजवर?"

मी या प्रश्नाची वाटच बघत होतो.

"नाना, खाशाबा जाधव."

खाशाबा माझ्या यादीत दोन नंबरवर आहेत. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे, जन्म १९२६. लोक त्यांना 'पॉकेट डायनामो' म्हणायचे. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकला गेले, तिथं गादीवरची कुस्ती त्यांना नवी होती, तरी सहावे आले. १९५२ ला हेलसिंकीला जायचं तर पैसे नाहीत. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपलं घर सात हजारांना गहाण टाकलं. शिष्याचं वजन ५७ किलो आणि त्यासाठी गुरूचं अख्खं घर तराजूत! तिथं खाशाबांनी कॅनडा, मेक्सिको आणि जर्मनीचे मल्ल हरवले. मग जपानच्या इशीशी लांबलेली कुस्ती, आणि ती हरून घाम पुसतायत तोवर सोव्हिएत मल्लाशी लगेच दुसरी. मधे विश्रांती हवी असं नियम सांगत होता, पण ते तिथं ठणकावून सांगायला आपला अधिकारी हजर नव्हता. हा भाग मी सांगतो तेव्हा नानांसारखा माणूसही चुकचुकतो. अधिकारी जागेवर नसणं म्हणजे काय, हे जालन्यात समजावून सांगावं लागत नाही. तरी खाशाबांनी कांस्यपदक आणलं. स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. त्यांचा लाडका डाव कुठला? ढाक. चप्पल हरवलेल्या पोराचाच.

परत आल्यावर मिरवणुकीला १५१ बैलगाड्या होत्या. मी हिशेबनीस आहे. गाडीला दोन या दरानं ३०२ बैल. एका ५७ किलोच्या माणसाला गावात न्यायला!

"बैल वजनाला नव्हते," नाना म्हणाले, "मानाला होते."

"तेच म्हणतोय मी."

नाना गप्प झाले. खाशाबा १९८४ साली अपघातात गेले, अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणानंतर कितीतरी वर्षांनी, आणि आता त्यांचा वाढदिवस, १५ जानेवारी, राज्याचा क्रीडादिन आहे. हलक्या माणसाचं वजन सरकारी काट्यावर उमटायला असा वेळ लागतो.

तीन नंबरवर आपला शेजारी. शहागडला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा, आणि बीडमधल्या पाटोद्याचा राहुल आवारे. त्याचे गुरू कोण? रुस्तम-ए-हिंद हरिश्चंद्र बिराजदार, म्हणजे नानांच्या देवघरातले पैलवान. खुद्द डोंगरानं ५७ किलोंच्या पोराला घडवलं, यावर नानांकडं उत्तर नाही. २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत, गोल्ड कोस्टला, राहुलनं कॅनडाच्या ताकाहाशीला १५-७ असं हरवून सुवर्णपदक घेतलं. आकडा नीट वाचा : दोघांचे मिळून बावीस गुण, आणि कुस्ती सहा मिनिटांची. मानाच्या कुस्तीत तेवढ्या वेळात निवेदकाचे दुसरे वस्ताद निघतात. पुढल्या वर्षी हाच गडी जागतिक स्पर्धेत ६१ किलोंत उतरला आणि कांस्यपदक घेऊन आला.

चार नंबरवर सोनिपतकडचा रवी दहिया. टोकियोच्या उपांत्य फेरीत रवी ९-२ असा मागं पडला होता. घड्याळ संपत आलेलं. त्यानं कझाकस्तानच्या मल्लाला असं आवळून चितपट केलं, की त्या मल्लानं सुटण्यासाठी रवीच्या दंडाला कडकडून चावा घेतला. दातांचे वण पडले, पकड सुटली नाही. मला सांगा, शंभर किलोंच्या पैलवानाला कुणी चावलंय का कधी? माणूस चावतो केव्हा, तर समोरचा हलका आहे म्हणून सहज सुटू असं वाटतं आणि सुटता येत नाही तेव्हा.

एका रात्री मी दुकानाच्या कॅल्क्युलेटरवर पूर्ण हिशेबच मांडला. भारताला कुस्तीत ऑलिम्पिकची पदकं आजवर आठ. खाशाबा ५७ किलो. सुशील कुमार ६६, दोनदा. योगेश्वर दत्त ६०. साक्षी मलिक ५८. रवी ५७. बजरंग ६५. अमन सेहरावत ५७. यांत सत्तरीचा एकही नाही! सुशीलला दोनदा धरून एकूण बेरीज ४८६ किलो. म्हणजे देशाची कुस्तीतली सगळी ऑलिम्पिक पुण्याई पाच क्विंटलला चौदा किलो कमी.

हा कागद मी नानांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा लावून वाचला, बेरीज तपासली आणि म्हणाले, "पाच क्विंटलसाठी मी काटा चालू करत नाही."

मग मी धर्माचा आधार घेतला. आमचा जिल्हा म्हणजे समर्थांचा. घनसावंगी तालुक्यातलं जांब हे त्यांचं जन्मगाव. त्यांनी गावोगाव मारुती बसवला आणि पोरांना जोर-बैठकांना लावलं. तालमीत मारुती असतोच, आणि नाना दर शनिवारी त्याला तेल घालतात.

"नाना, मारुतीराय लंकेत शिरले तेव्हा त्यांचं वजन किती होतं?"

"असा कसा प्रश्न?"

"रात्री, पहारा चुकवून आत जायचं होतं. डोंगराएवढं रूप टाकून मांजराएवढे झाले. म्हणजे वजन कमी करून गटात बसलेला पहिला पैलवान कोण?"

नानांनी हात जोडले. मला की मारुतीला, ते स्पष्ट झालं नाही.

ऑगस्ट २०२४. पॅरिस. आधी ती पन्नास किलोंची बातमी आली. विनेश फोगाट अंतिम फेरीत पोचली आणि सकाळच्या वजनात शंभर ग्रॅम जास्त भरली म्हणून बाद झाली. त्या दिवशी दुकानात मी शंभर ग्रॅम कांद्याचं बी तळहातावर घेऊन बराच वेळ बघत बसलो. ग्रॅमवाल्यांच्या धंद्यात इतकी वर्षं काढली, पण शंभर ग्रॅम इतके जड मला कधी लागले नव्हते. गिऱ्हाईक म्हणालं, "द्यायचंय की नाही?"

दोन दिवसांनी, रात्री अकराच्या सुमारास, एकवीस वर्षांच्या अमन सेहरावतनं ५७ किलोंत कांस्यपदक घेतलं, १३-५. पाठोपाठ बातमी आली, की उपांत्य फेरी संपली तेव्हा त्याचं वजन ६१.५ किलो होतं. सकाळी ५७ च्या आत बसायचं. पोरानं रात्रभर झोप घेतली नाही. गादीवर झोंबी, गरम पाण्याचा टब, ट्रेडमिल, सौना, पुन्हा ट्रेडमिल. दहा तासांत ४.६ किलो उतरवले. काटा ५६.९ वर थांबला.

हे सांगायला मी दुसऱ्या दिवशी रात्री काट्यावर गेलो. नाना पावतीपुस्तक घेऊन बसले होते. त्यांनी सगळं ऐकलं. मग, धंद्याची सवय, काट्याच्या आकड्याकडं बघितलं.

"वर उभा राहा बरं," म्हणाले.

मी ट्रकच्या काट्यावर एकटा उभा राहिलो. अंधारात लाल आकडा उमटला : ५०.

"चोपन्नचा आहेस ना तू?"

"काटा दहाच्या पटीत बोलतो ना नाना. चार गेले."

नाना पेन्सिल घेऊन काहीतरी लिहू लागले. त्यांना टनात हिशेब करायची सवय. किलोत उतरायला थोडा वेळ लागला. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "साडेएकसष्ट म्हणजे ह्याच्यावर साठ दिसले असते."

"हो."

"अन् सकाळी छप्पन पॉइंट नऊ?"

"तेही साठ."

नानांनी पेन्सिल ठेवली. "म्हणजे आधी साठ, नंतर साठ. पोरगं रात्रभर मरमर मेलं अन् आपल्या पावतीवर काहीच आलं नसतं म्हण की."

मी काही बोललो नाही. तीस वर्षांत पहिल्यांदाच मला नानांपुढं कुठलाही आकडा पुढं करावासा वाटला नाही.

तेवढ्यात सळयांची गाडी आली आणि हळूहळू काट्यावर चढली. ड्रायव्हर खाली उतरला. नाना पावतीवर वजन टाकायला वाकले, थांबले, आणि उठून स्वतः केबिनपाशी गेले. दारावर थाप मारली.

"ए पोरा, ऊठ. खाली उतर."

मागं पांघरूण घेऊन झोपलेलं क्लीनर पोरगं डोळे चोळत बाहेर आलं. "काहून? मला तर कधी उतरवत नसता तुम्ही."

"उतर म्हणलं ना. तुझं बी वजन धरलं पाहिजे."

पोरगं काहीतरी पुटपुटत उतरलं आणि अनवाणीच कडेला उभं राहिलं. नानांनी मान वर करून आकड्याकडं बघितलं. मीही बघितलं.

आकडा थोडासाच हलला होता. नाना मात्र तो बराच वेळ वाचत उभे होते.